दोराची टेकडी

मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तिकडचा काही इतिहास लिहून द्या" असा कार्यवाहबाईंचा निरोप आला, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हटला की शिवाजीमहाराज आणि पानिपत, एवढेच डोळ्यांपुढे येते. शिवाय मी तिकडे गेले होते ती काही राजवाडे पाहायला नव्हे, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला. आई नाही, तेव्हा थोरल्या बहिणीने जायचे, इतकेच. पण तिच्या शेजारच्या आजींनी मला त्यांच्या परसातला एक इतिहास दाखवला. तो लढायांचा नाही. बर्फावरून घसरत येण्याच्या लहानलहान टेकड्यांचा आहे. तो ऐकून आपल्या मंडळातल्या एका गोष्टीविषयी माझे मत बदलले. ते शेवटी सांगेन.

बहीण राहते ती व्हरमाँट नावाच्या राज्यात, बर्लिंग्टन शहराच्या जवळ. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले हे लहानसे डोंगराळ राज्य. वर लगेच कॅनडाची हद्द. डिसेंबरात पांढरे झालेले अंगण मार्चपर्यंत पांढरेच. मी पाचवारी साडीवर मेव्हण्यांचा कोट आणि पायांत गुडघ्यापर्यंत बूट अशा थाटात हिंडत असे. भाचा पाच वर्षांचा. त्याला काही थंडी वाजत नसे. पायांना दोन लांब अरुंद फळ्या अडकवून तो उतारावरून सूं करून खाली येई. या फळ्यांना स्की म्हणतात, आणि या खेळाला स्कीइंग.

बहीण झोपली, बाळ झोपले, की मी खिडकीशी बसे. समोर आजींचे कुरण आणि त्यामागे एक टेकडी. टेकडीच्या कडेने ओळीने उभ्या असलेल्या काही झाडांवर आणि खांबांवर मोटारीच्या चाकांची लोखंडी कडी ठोकलेली दिसत. मला वाटे, टाकाऊ सामान टांगून ठेवले असेल. एके दिवशी आजी सूप घेऊन आल्या, तेव्हा बहिणीकरवी मी विचारलेच. आजी म्हणाल्या, "ती आमची स्कीची टेकडी होती." मग त्या दुपारी आणि पुढे कितीतरी दुपारी त्या सांगत गेल्या, बहीण मराठीत सांगत गेली, आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतले उतारेही तिने मला वाचून दाखवले. त्या सगळ्यावरून जुळवलेली ही हकीकत.

उतारावरून खाली येणे दोन मिनिटांचे काम. वर चढणे मात्र अर्ध्या तासाचे. पूर्वी माणसे स्की खांद्यावर टाकून धापा टाकीत चढत. दिवसभरात चार-पाच फेऱ्या झाल्या की पाय मोडून येत. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात यावर युक्ती निघाली होती, ती फिरत्या दोराची. ती पाहून व्हरमाँटमधल्या वुडस्टॉक गावी तसाच दोर बसवायचे ठरले. तिथे रॉइस नावाचे जोडपे उतारूंसाठी खाणावळ आणि राहण्याच्या खोल्या चालवीत असे. पाहुण्यांची सोय व्हावी म्हणून त्यांनी गिल्बर्ट नावाच्या शेतकऱ्याची टेकडी घेतली आणि डेव्हिड डॉड नावाच्या कारागिराकडून दोर बसवून घेतला. १९३४ च्या जानेवारीत तो सुरू झाला. अमेरिकेतला हा पहिला स्कीचा दोर.

त्याची रचना आपल्याला समजायला अगदी सोपी आहे. आपल्याकडे विहिरीवर रहाट असे. त्याची माळ एका बाजूने वर येई, दुसरीने खाली जाई आणि तिला शेवट नसे. तसाच हा दोर. खाली जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन, वर टेकडीच्या माथ्यावर एक चाक, आणि दोहोंमधून अखंड फिरणारा जाड दोर. दोर हातात धरायचा की तो माणसाला स्कीवरून ओढीत वर नेतो. एकदम घट्ट धरले तर खांद्याला हिसका बसून माणूस तोंडावर पडे. म्हणून आधी हातातून दोर सरकू द्यायचा, मग हळूहळू मूठ आवळायची. हातमोजे महिन्याभरात झिजून जात. दोर भिजला की इतका जड होई की लहान मुलांना तो उचलवतही नसे. मग मागे-पुढे मोठे माणूस उभे राहून त्यांच्यासाठी दोर उचलून धरी.

१९३६ च्या डिसेंबरात पश्चिमेकडे आयडाहो राज्यात सन व्हॅली येथे खुर्च्यांचा पहिला पाळणा सुरू झाला. बसल्याबसल्या माणूस वर. पण पाळण्याला भांडवल लागते. दोराला काय लागते? मोडीतली मोटार, चाकाची कडी, दोर आणि उताराचे कुरण. हिवाळ्यात शेतकऱ्याचे कुरण रिकामेच असते. त्यामुळे दुसरे महायुद्ध संपल्यावर गावोगाव असे दोर निघाले. कुठे शेतकऱ्याचा, कुठे शाळेचा, कुठे गावाने वर्गणी काढून बसवलेला.

आजींच्या यजमानांचा दोर त्यातलाच. पहाटे गाईंच्या धारा काढायच्या, दूध रवाना करायचे, आणि शनिवार-रविवारी दहाच्या सुमारास इंजिन सुरू करायचे. पायथ्याशी लाकडी खोपट, त्यात लाकडाची शेगडी. आजी तिथे बसून तिकिटे देत. पैसे बिस्किटांच्या डब्यात. शेगडीवर एकीकडे सुपाचे पातेले, वर दोरीवर मुलांचे ओले हातमोजे वाळत टाकलेले. ज्या मुलांपाशी पैसे नसत, त्यांनी सकाळी लवकर येऊन पायांनी बर्फ तुडवून सपाट करायचा, मग दिवसभर फुकट. आजी म्हणाल्या, "अर्ध्याअधिक गावाने फुकटच केले. डबा कधी भरला नाही. पण गावातले एकही मूल मला अनोळखी नव्हते." कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा बाप कामावरून सुटला, हे सारे त्यांना त्या खोपटात कळे आणि त्याप्रमाणे सुपाची वाटी कोणापुढे आधी जाई हेही ठरे.

मग हे सारे बंद का पडले? लोकांना नकोसे झाले म्हणून नव्हे. मला वाटते, यातच खरा इतिहास आहे.

पहिले कारण रस्ते. १९५६ साली अमेरिकेत मोठमोठे हमरस्ते बांधण्याचा कायदा झाला. पूर्वी जे कुटुंब जवळच्या टेकडीवर जाई, ते आता दोन-तीन तासांत मोटारीने उंच पहाडावर जाऊ लागले. तिथे खुर्च्यांचे पाळणे, हॉटेले, शिक्षक, सगळा थाट.

दुसरे कारण खुद्द बर्फ. लहान टेकड्या बुटक्या. तिथे बर्फ उशिरा येतो आणि लवकर जातो. १९५० साली कनेक्टिकट राज्यात तिघा गृहस्थांनी फवारणीची तोटी, बागेची नळी आणि हवेचा पंप जोडून थंडीत पाणी फवारले आणि यंत्राने बर्फ पाडून दाखवला. युक्ती साधी, पण सगळा डोंगर पांढरा करायचा तर तलाव हवा, नळ हवेत, मोठे पंप हवेत. ते मोठ्यांनाच परवडले. १९७३-७४ चा हिवाळा बर्फाच्या बाबतीत कोरडा गेला, त्यातच तेलाची टंचाई आली. पुढे १९७९-८० चा हिवाळाही तसाच. ज्यांच्यापाशी यंत्रे होती ते तरले; ज्यांच्यापाशी नुसता दोर होता ते आभाळाकडे पाहत बसले.

तिसरे कारण विमा. १९७४ साली व्हरमाँटमधल्याच एका मोठ्या पहाडावर एक नवशिका तरुण बर्फाखाली दडलेल्या झुडपात अडकून पडला आणि कायमचा लुळा झाला. त्याने दावा लावला. १९७७ साली ज्यूरीने त्याला १५ लाख डॉलर भरपाई दिली आणि १९७८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या तरुणाचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. हातीपायी धड पोर जन्माचे अंथरुणाला खिळले, त्याची भरपाई कोणी करायची? पण त्यानंतर विम्याचे हप्ते भराभर वाढले. खेळातले उघड धोके खेळणाऱ्याने पत्करावेत असा कायदाही व्हरमाँटने १९७८ सालीच केला, तरी हप्ते काही पूर्वीच्या पायरीवर आले नाहीत. मोठ्या पहाडाने हप्ता तिकिटात मिळवला. बिस्किटांच्या डब्यातून तो भरणार कसा? आजींकडे विम्याचे पत्र आले, त्यात मागितलेली रक्कम सबंध हिवाळ्याच्या जमेहून अधिक होती. यजमानांनी पत्र घडी घालून खिशात ठेवले, टेकडीवर गेले आणि दोर उतरवून गुंडाळून गोठ्यात ठेवला. मुले पुढच्या शनिवारी स्की घेऊन आली. "त्यांना परत पाठवणे मला जमले नाही," आजी म्हणाल्या. "मी सूप करून सगळ्यांना वाढले."

अशा बंद पडलेल्या स्कीच्या जागा मोजायला त्या भागात काही हौशी मंडळी हिंडली. न्यू इंग्लंड म्हणतात त्या सहा राज्यांत मिळून त्यांना सहाशेहून अधिक सापडल्या. सबंध अमेरिकेत १९८२-८३ च्या हंगामात ७३५ जागा चालू होत्या. आता पाचशेच्याही आत आहेत. उरलेल्यांपैकी कितीतरी मोठ्या जागा एकदोन बड्या कंपन्यांच्या हाती गेल्या आहेत, आणि काही नामांकित पहाडांवर ऐन वेळी एका दिवसाचे तिकीट घ्यायला गेले तर दोनशे डॉलरहून जास्त पडतात. चार माणसांच्या घराने काय करावे?

पण सगळ्याच टेकड्या गेल्या नाहीत. ईस्ट कॉरिंथ गावची नॉर्थईस्ट स्लोप्स ही टेकडी १९३६ पासून चालू आहे. तिथे इंजिन चालवायला, तिकिटे द्यायला, खाणे शिजवायला गावकरीच स्वयंसेवक म्हणून येतात. आणि दुसरी तर मी डोळ्यांनी पाहिली, कारण भाचा तिथेच शिकत होता. रिचमंड गावची कॉक्रन कुटुंबाची टेकडी.

मिकी कॉक्रन हे इंजिनियर. १९६१ साली त्यांनी आणि पत्नी जिनी यांनी घरामागच्या उतारावर सुमारे ४०० फुटांचा दोर बसवला, तो आपल्या चार मुलांना शाळा सुटल्यावर सराव करता यावा म्हणून. पाहतापाहता गावातली मुले येऊ लागली. जिनीबाईंनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. ऊब घ्यायला मुले शिरत ती बाईंच्या स्वयंपाकघरात! बायांनो, ओल्या बुटांची ती फरशी डोळ्यांपुढे आणा आणि मग त्या माउलीला हात जोडा. चारही मुले अमेरिकेच्या संघात निवडली गेली. त्यांतली बार्बरा अ‍ॅन हिने १९७२ साली जपानमधील सापोरोच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले, तेही सेकंदाच्या दोन शतांशांनी. पुढे ती परत त्याच टेकडीवर येऊन तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शिकवू लागली. म्हणजे मुलांना कसे शिकवावे ते त्यांच्या आईबापांना शिकवू लागली. तिचा मुलगा रायन याच टेकडीवर वाढला आणि २०२२ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेऊन आला. आईच्या सोन्यानंतर बरोबर ५० वर्षांनी.

ही टेकडी तगली कशी? १९९८ च्या सुमारास कुटुंबाने ती नफ्याचा धंदा म्हणून न ठेवता सार्वजनिक हिताची संस्था केली. देणग्या घेतात, लोक कामाला येतात, आणि पैशाअभावी एकाही मुलाला परत पाठवायचे नाही असा नेम आहे. मी तिथे कठड्याशी उभी होते. भाचा दोर धरून वर चालला होता, मध्येच पडला. मागच्या कोणा अनोळखी बाईने त्याला काखेत धरून उभे केले, दोर त्याच्या मुठीत दिला आणि काही न बोलता पुढे निघाली. माझ्याबरोबर आजी आल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले. थंडीने पाणी आले म्हणाल्या.

आता माझ्या मताविषयी. अमेरिकेला जाण्यापूर्वीच्या आपल्या सभेत गुरुवारचा शिवणवर्ग बंद करावा अशी सूचना आली होती. बाजारात मोठा क्लास निघाला आहे, तिथे नवी यंत्रे आहेत, प्रमाणपत्र मिळते. आपल्याकडे तीन जुनी यंत्रे आणि सहा-सात मुली. हिशेब बरोबर होता, आणि त्या सूचनेला मीही हात वर केला होता. पण त्या सहा-सात जणी मोठ्या क्लासची फी भरू शकत नाहीत म्हणून आपल्याकडे येतात, हे मी हिशेबात धरलेच नव्हते. आणि त्यांतल्या एकीच्या घरी दोन महिने चूल कशी चालली आहे, हे आपल्याला कळले तेही त्या वर्गातच, हे विसरले होते.

आजींच्या टेकडीला लोक नव्हते असे नाही. पत्र आले तेव्हा खांदा द्यायला कोणी पुढे झाले नाही, कारण कोणाला ते कळलेच नाही. म्हणून परत आल्यावर मी अध्यक्षाबाईंना भेटून वर उचललेला हात मागे घेतला आणि वर्गाचे काम अंगावर घेतले. एका यंत्राचा पट्टा सारखा सुटतो, तो बदलायचा आहे. काजे-बटण कोणाला चांगले येत असेल तर शिकवायला हवे आहे. गुरुवारी तीन वाजता या. किल्ली माझ्याकडे आहे.