कुक काउंटी रुग्णालय
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो येथील सार्वजनिक रुग्णालय (२००२ पासून जॉन एच. स्ट्रोजर रुग्णालय). शहरातील निर्धनांचे ते आश्रयस्थान होते. अन्य रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून येथे हलवून दाखल केलेल्या ४६७ रुग्णांची पाहणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८७ टक्के रुग्णांना पुरेसा विमा नसल्यामुळे हलविण्यात आले होते; २४ टक्क्यांची प्रकृती हलविण्यापूर्वी अस्थिर होती, तर लेखी संमती केवळ ६ टक्क्यांनीच दिली होती. वैद्यक विभागातील अशा रुग्णांचे मृत्युप्रमाण ९.४ टक्के, तर थेट दाखल झालेल्यांचे ३.८ टक्के आढळले. त्याच वर्षी झालेल्या संघीय कायद्याने तातडीच्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे, त्याची आर्थिक स्थिती न पाहता, मेडिकेअर योजनेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांना बंधनकारक केले. पुढील उपचारांच्या खर्चाची तरतूद मात्र त्यात नव्हती.