बाळंतिणीचा सव्वा महिना

आमच्या मोठ्या मायच्या हिशेबात बाळंतपण एकट्या बाईचं नव्हतंच, सगळ्या घराचं होतं. पोर जन्मलं की प्रत्येकाच्या वाट्याला काम यायचं. थोरल्या जावेकडे चूल, धाकटीकडे धुणं. खारीक, खोबरं आणि डिंक आणायला सासऱ्याची बाजाराला फेरी. कळत्या पोरांनी बाजेखालच्या शेगडीसाठी गोवऱ्या फोडून आणायच्या. बाळंतिणीने फक्त निजायचं आणि पाजायचं. असा सव्वा महिना. त्याआधी ती विहिरीवर दिसली, तर गल्लीतल्या बाया तिला काही म्हणायच्या नाहीत. बोल लागायचे ते तिच्या सासूला.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांची आई. अमळनेर-धरणगावच्या पट्ट्यातली, अहिराणी बोलणारी. अंगाला कायम ओव्याचा आणि राखेचा वास. अर्ध्या गल्लीची बाळंतपणं तिच्या हाताखालून गेली. पोर न्हाऊ घालताना पायांवर आडवं घ्यायची आणि पाणी ओतता ओतता त्याच्याशी बोलत राहायची. बाळंतीण जरा कुठे पाय खाली टाकायला लागली की माजघरातून आवाज यायचा, "आते उठू नको बाई, बसी ऱ्हाय. तुन्हं आंग अजून वलं शे." हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे, माझ्या धाकट्या काकूच्या वेळी. काकू डोक्याला फडकं बांधून, कानात कापूस घालून बाजेवर बसलेली असायची. खाली शेगडीत ओवा आणि बाळंतशोपा टाकल्या की खोली धुराने भरायची. आम्हा पोरांचे डोळे चुरचुरायचे, तरी आम्ही तिथून हलायचो नाही. कारण डिंकाच्या लाडवांचा डबा त्याच बाजेखाली होता.

खाण्याचे नियमही ठरलेले होते. बाजरीची ऊन भाकर, वर तुपाची धार, लसणाची चटणी, शेपू आणि अळिवाची खीर. एरवी आमचा जीव की प्राण असलेली कळण्याची भाकर तिला द्यायची नाही, उडीद जड पडतो म्हणून. भरीतही नाही. पाचवीला सटवाई पुजायची, पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई रात्री येऊन नशीब लिहिते म्हणत. मी एकदा पहाटे उठून तो कागद पाहिला होता, आणि तो कोराच होता हे कुणाला सांगितलं नाही.

मोठी माय दुसऱ्यांच्या बाळंतिणींना एवढं जपायची, त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. ते फुईने सांगितलं, म्हणजे माझ्या आत्याने. लग्न होऊन आल्यावर पहिली काही वर्षं घरात जमीन नव्हती. आजोबा सालदार होते आणि मोठी माय जिनात जायची. दिवाळीनंतर कापूस निघाला की जिनं सुरू व्हायची, ती होळीपर्यंत धडधडत राहायची. रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांपुढे बायकांची रांग. मोठ्या मायचं एक बाळंतपण ऐन हंगामात आलं. फुई म्हणायची पौष होता, माझे वडील म्हणायचे माघ. बाराव्या दिवसानंतर ती पुन्हा कामावर गेली, एवढं मात्र दोघंही सांगत. हंगाम गेला असता तर घरात दाणा नव्हता. लुगड्याची झोळी जिनाच्या आवारातल्या निंबाला बांधायची, आणि मुकादमाची नजर चुकवून पाजायला जायचं. संध्याकाळी झोळी सोडली की पोराच्या भुवयांवर, ओठांवर पांढरं तूस बसलेलं असायचं, असं फुई सांगायची. आणि ते सांगताना स्वतःच्याच ओठांवरून बोट फिरवायची. मोठ्या मायची पहिली दोन मुलं जगली नाहीत. कशाने गेली ते घरात कुणी बोलत नसे. मोठी माय तर कधीच नाही.

ही एका घराची गोष्ट नव्हे. कापसामुळे खानदेशात जिनं आली आणि त्यांत बायका भरल्या. 1885 च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांबद्दल साक्षी झाल्या, त्यांत पहाटेपासून रात्री नऊ-दहापर्यंत चालणाऱ्या कामाची वर्णनं आहेत. हंगामाची घाई असली की तीच माणसं दिवसरात्र राबत. 1891 च्या कायद्याने बायकांचं काम दिवसाला अकरा तासांवर आणलं. बाळंतपणाचा मात्र त्यात विचार नव्हता. मुंबईच्या गिरण्यांतली स्थिती वेगळी नव्हती. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी कामकरी बायकांच्या चाळींतून पाहणी केली. आई कामावर असताना पोर निजून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल सर्रास होती, हे त्यांनी लिहून ठेवलं. आपल्याकडे बाळगुटीत काय काय उगाळत असत, हे ज्यांच्या घरात जुन्या बाया होत्या त्यांना वेगळं सांगायला नको.

1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं. त्या वर्षीच्या 28 जुलैला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यावर बोलले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. लोकांचं कल्याण हे सरकारचं काम, म्हणून या भाराचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा. पण बाईच्या श्रमाचा लाभ मालकाला होतो, म्हणून त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढच्या वर्षी, 1929 मध्ये कायदा झाला. बाळंतपणाच्या काही आठवड्यांसाठी दिवसाला आठ आणे, आणि तेही मालकाने द्यायचे. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब 1937 च्या जुलैअखेर मुक्कामाला होते. दर 31 जुलैला तिथे हजारो माणसं जमतात, लेकुरवाळ्या बायाही असतात. पाऊस असतो, चिखल असतो, कडेवर पोरं असतात. त्या बायांना बाबासाहेबांचं हे भाषण कुणीतरी वाचून दाखवायला हवं, असं मला दर वर्षी वाटतं.

ते आठ आणे मोठ्या मायपर्यंत पोचले नाहीत. पुढे 1931 मध्ये कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने अहवाल दिला, त्यातही प्रसूती लाभाची शिफारस होती ती बारमाही कारखान्यांत पूर्णवेळ राबणाऱ्या बायकांपुरती. जिनं हंगामी. म्हणजे गिरणीतली बाई कायद्यात बसली आणि तिच्या गिरणीला लागणारी रुई काढणारी बाई बाहेर राहिली. आमच्या खानदेशात जिनातल्या बायाच जास्त.

बापांचंही सांगितलं पाहिजे. मी जन्मलो तो आजोळी, पारोळ्याकडे. वडील धुळ्याला कारकून होते. त्यांना पोस्टकार्डाने कळलं आणि त्यांनी मला पाहिलं ते थेट बारशाला. तेव्हा तीच रीत होती, कुणाला त्यात काही वाटायचं नाही. वडिलांना मात्र वाटलं असावं. ते कार्ड त्यांनी शेवटपर्यंत जपलं. त्यांच्या पश्चात पेटीत सापडलं, हळदीचं बोट उमटलेलं. एकदा मी विचारलं, तुम्ही लगेच का नाही आलात? म्हणाले, "काय सांगून रजा मागायची? बायको बाळंत झाली म्हणून?" त्या वेळच्या कचेरीत असं म्हणणं म्हणजे हसं करून घेणं होतं.

पुरुषाने पोरं सांभाळावीत हे आपल्या भागाला अगदीच अनोळखी होतं असंही नाही. सानेगुरुजी 1924 पासून 1930 पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहाकडेही पाहत. आमचे एक दूरचे काका तिथे शिकलेले. आजारी मुलाच्या उशाशी गुरुजी रात्र रात्र बसत, मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत, हे ते सांगायचे तेव्हा त्यांचा गळा दाटायचा. म्हातारपणी काका फार हळवे झाले होते, त्यामुळे एकेक प्रसंग दर वेळी थोडा मोठा होत जायचा. पण गाभा खराच होता, अमळनेरच्या जुन्या लोकांनी तो एकमुखाने सांगितलेला आहे. ज्या गावाने गुरुजींना माऊली मानलं, त्या गावाच्या लेकांना स्वतःच्या बाळाचं दुपटं बदलायला दोन आठवडे मिळू नयेत, हे मला पटत नाही.

आज कायदा पुष्कळ पुढे आला आहे. 1961 चा प्रसूती लाभ कायदा सुरुवातीला बारा आठवड्यांचा होता, 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी तो सव्वीस आठवड्यांचा झाला. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, आधीच्या वर्षभरात ऐंशी दिवस काम केलेल्या बाईला पगारी रजा मिळते. पन्नास माणसं असली की पाळणाघर लागतं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हेच कायम ठेवलं आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला पंधरा दिवस मिळतात. खाजगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात एक दिवसही नाही. मालक देईल ते खरं. माझ्या पुतण्याला पुण्यातल्या कंपनीने एक आठवडा दिला. त्याच्या बायकोचं पोट फाडून बाळंतपण झालेलं, माहेरी करणारं कुणी नाही, सासू गुडघ्यांनी अडलेली. आठवडा संपला आणि तो लॅपटॉप घेऊन बसला, मांडीवर उशी, उशीवर पोर. आता पूर्वीसारख्या जावा नाहीत, गल्ली नाही. मग त्या सगळ्यांच्या वाटणीचं काम बापाशिवाय कोण करणार?

जळगावला माझ्या एका नातलगाची छोटी डाळ मिल आहे. मनाने माणूस चांगला. बायांना दिवाळीला साडी देतो, आजारपणात उचल देतो. रजेचा विषय काढला की तो गप्प होतो आणि मग म्हणतो, "दादा, जी कामावर नाही तिला सहा महिने मजुरी, आणि तिच्या जागी दुसरी ठेवायची तिलाही मजुरी. मी कुठून आणू? त्यापेक्षा नवी लग्न झालेली ठेवतच नाही." हे त्याचं बोलणं ऐकून मला राग आला नाही, भीती वाटली. कारण हे आधी होऊन गेलं आहे. 1929 नंतरच्या काही दशकांत गिरण्यांतल्या बायका कमी कमी होत गेल्या. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं अशी कारणं होतीच, पण बाळंतपणाचा खर्चही त्यांत होता. भार एकट्या मालकावर टाकला की तो भार टाळायला बाईलाच टाळतो.

यावर तोड नाही असं नाही. कामगार राज्य विमा योजनेत मालक पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो, आणि बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांचा पगार त्या निधीतून येतो. मालकाला रजेच्या दिवसांची झळ बसत नाही. ही योजना महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांपुरती आहे. ती मर्यादा उठवावी, सरकारने त्यात आपला वाटा घालावा आणि बापाची रजाही त्याच निधीतून द्यावी. बाबासाहेबांनी 1928 मध्ये भाराची वाटणी सांगितली होती, ती अशानेच होईल. थोरलीकडे चूल आणि धाकटीकडे धुणं ही मोठ्या मायची वाटणी याहून काय वेगळी होती? आणि बापालाही रजा असली, की बाईला नोकरीवर घेताना मालकाला कचरायचं कारण उरणार नाही.

एवढं सगळं झालं तरी कापूस वेचणारी बाई बाहेरच राहते. चोपड्यापासून शिरपूरपर्यंत दिवाळीच्या आगेमागे कुठल्याही शेतात पाहा. कमरेला ओटी बांधलेली, वेचणीचे पैसे किलोवर. तिला कुणी एक मालक नाही, हजेरीपट नाही, ऐंशी दिवसांचा पुरावा नाही. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. मिळतात हे चांगलंच आहे, पण तेवढ्यावर सहा महिने घरी बसता येत नाही. म्हणून बांधावर अजूनही झोळी दिसते, निंबाऐवजी बाभळीला बांधलेली.

नव्या आईबापाला पगारी रजा द्यावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे: द्यावी, दोघांना द्यावी, आणि खर्च सगळ्यांनी मिळून उचलावा. कायदा शेताच्या बांधापर्यंत पोचायला वेळ लागेल. तोवर वाचकांना एक मागणं आहे. तुमच्या शेतावर, दुकानात, घरकामाला येणारी कुणी बाई बाळंत होणार असेल, तर तिची मजुरी निदान सव्वा महिना चालू ठेवा, आणि तिची जागा दुसरीला कायमची देऊ नका.