कंडक्टरच्या हातातला संगणक

हातात मावणाऱ्या संगणकाला नेमकं म्हणायचं काय, हा घोळ जुनाच. 1984 साली सायॉनने आपल्या यंत्राला 'ऑर्गनायझर' म्हटलं, म्हणजे नोंदवहीच. 1992 मध्ये अ‍ॅपलच्या जॉन स्कली यांनी 'पर्सनल डिजिटल असिस्टंट' हा शब्द आणला, म्हणजे मदतनीस. बंगलोरच्या सिंप्युटरने मात्र संगणकपण नावातच मिरवलं. मग कीबोर्डवाले एका गटात, काडीने टोचायचे दुसऱ्या, अशी वर्गवारी झाली.

या वर्गवारीत आमच्या वऱ्हाडातलं एक यंत्र कुठेच बसलं नाही. 2010 च्या आसपास एसटीच्या कंडक्टरांकडे तिकिटाचं मशीन आलं आणि चिमट्याची टिकटिक थांबली. प्रोसेसर, मेमरी, बटणं, छोटा पडदा, वर प्रिंटर. अमरावतीहून मूर्तिजापूर म्हणा की अकोला, टप्प्यांचं भाडं तेच काढणार, दिवसाचा हिशेबही तेच ठेवणार. तरी ते 'मशीन'च राहिलं, कारण काम एकच.

माझे मामा कंडक्टर होते. रोज शेकडो तिकिटं त्यावर काढूनही म्हणायचे, "मले कॉम्प्युटर येत नाही बाप्पा." व्याख्या नुसती यंत्राची नसते, माणसाचीही होते, ती अशी.

2022 पासून एसटीत अँड्रॉइडवर चालणारी मशीन येऊ लागली. आता आत तेच, जे खिशातल्या फोनात. फरक एवढाच, की फोनात नवं काम आपण घालतो, मशीनमध्ये महामंडळ. मला वाटतं, वर्गवारी करायचीच तर आकारावरून नको, या हक्कावरून करावी. संगणक दोन्ही.

असो. मामांना कॉम्प्युटर येत होता की नाही, ते आता तुम्हीच सांगा.