मसाज गन, रोलर आणि काशाची वाटी : दुखण्यावर फिरवण्याआधी हे वाचा

दिवसभर ऊस तोडून, भांगलण करून किंवा दुकानात उभे राहून अंग आंबते. रात्री पाय ठणकतात, पोटरीत गोळा येतो, मान धरते. अशा वेळी घरात कुणीतरी तेल कोमट करून काशाची वाटी काढते. हल्ली मुलाने ऑनलाइन मागवलेली मसाज गनही कपाटात असते. "डॉक्टर, हे यंत्र वापरू का? रक्त फिरतं म्हणतात," हा प्रश्न गडहिंग्लजच्या आमच्या दवाखान्यात आता रोजचा झाला आहे.

थोडक्यात उत्तर असे : कामाने किंवा खेळाने आंबलेल्या स्नायूला या साधनांनी काही काळ खरोखर आराम पडतो. पण पायातले प्रत्येक दुखणे स्नायूचे नसते. काही दुखण्यांवर मालिश केल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून साधन कसे वापरायचे याच्याइतकेच, कधी वापरायचे नाही हेही माहीत असायला हवे.

एक प्रसंग

पन्नाशीतले एक गृहस्थ मुंबईहून रात्रीच्या गाडीने गावी आले. सकाळी उतरल्यावर डावी पोटरी दुखू लागली. "बसून बसून पाय आखडला असेल," असे समजून मुलाने दोन दिवस मसाज गन फिरवली. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले, तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा स्पष्ट जाड, गरम आणि ताणलेला होता. त्यांना कलर डॉप्लर तपासणीसाठी पाठवले. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. वेळेवर रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली आणि ते बरे झाले. पण अशा पायावर जोराने मालिश केल्यास गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात जाऊन अडकू शकतो आणि माणूस दगावू शकतो.

मुलाची यात चूक म्हणता येणार नाही. ही गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती. तुम्हाला ती माहीत असावी म्हणून हा लेख.

कोणते साधन कशासाठी?

- काशाची वाटी : तळपायाला तेल किंवा तूप लावून हळू घासण्यासाठी. आराम वाटतो, झोपही चांगली लागते.
- लाकडी किंवा काटेरी रोलर : तळपाय, पोटरी आणि मांडीसाठी. घरातले लाटणेही पोटरीवर कपड्यावरून हलके फिरवता येते.
- टेनिसचा चेंडू : पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरून खांद्यामागचा आखडलेला भाग दाबण्यासाठी. तळपायाखाली घेतल्यास टाचदुखीतही उपयोगी.
- पाण्याची गोठवलेली बाटली : सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखत असेल, तर बाटली कापडात गुंडाळून ५ ते १० मिनिटे तळपायाखाली फिरवा.
- मसाज गन : मांडी, पोटरी, कुल्ला, खांदा अशा जाड स्नायूंसाठी. बहुतेक यंत्रे मिनिटाला दोन-तीन हजार ठोके देतात, त्यामुळे ताकदीच्या बाबतीत हे खेळणे नाही.

महागडे यंत्र घेतले तरच फायदा होतो असे नाही. बहुतेकांचे काम चेंडूवर आणि लाटण्यावर भागते.

आराम का पडतो?

दाबाची आणि स्पर्शाची जाणीव मज्जारज्जूत पोहोचली की वेदनेचा संदेश तिथे काहीसा अडवला जातो. मार लागल्यावर आपण ती जागा आपोआप चोळतो, त्याचे कारण हेच. शिवाय आखडलेला स्नायू थोडा सैल पडतो, सांधा अधिक मोकळा हलतो आणि त्या जागी काही वेळ रक्तपुरवठा वाढून ऊब वाटते.

नवीन किंवा जास्त काम केल्यावर येणारी रग साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि चार-पाच दिवसांत जाते. स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि त्यानंतरची सूज हे तिचे कारण असते. "लॅक्टिक ॲसिड साचलं आहे, ते मसाजने बाहेर काढायचं," असे जे सांगतात ते बरोबर नाही. ते आम्ल काम थांबल्यावर तास-दीड तासात शरीर स्वतःच संपवते. मालिशने रग कमी जाणवते, पण इजा भरून यायला लागायचा तो वेळ लागतोच.

काशाच्या वाटीने पाय काळे का होतात?

"अंगातली उष्णता बाहेर पडली" किंवा "विष निघाले" असे अनेक जण सांगतात. आता गावोगावी आलेल्या काशाच्या वाटीच्या यंत्रांवरही हेच ऐकायला मिळते. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. तेल-तूप, त्वचेवरचा घाम आणि घर्षण यांमुळे धातूचे बारीक कण सुटून तो काळा लेप तयार होतो. तो वाटीतून आलेला असतो, तुमच्या शरीरातून नाही. पाय काळे झाले किंवा नाही झाले, यावरून आजार ठरवू नका. आराम वाटत असेल तर वाटी जरूर वापरा, मात्र नंतर पाय साबणाने धुऊन कोरडे करा.

रक्ताभिसरण खरेच सुधारते का?

मालिशने त्या जागेचा रक्तपुरवठा वाढतो, पण तो थोड्या वेळापुरता. आजारी रक्तवाहिन्या त्याने बऱ्या होत नाहीत. "रक्त फिरत नाही" म्हणून येणाऱ्या रुग्णांमध्ये प्रत्यक्षात वेगवेगळे आजार असतात :

- तळपायाला मुंग्या, आग, बधिरपणा : बहुतेकदा मधुमेहाने किंवा बी-१२च्या कमतरतेने बिघडलेल्या नसा.
- ठरावीक अंतर चालले की पोटरी आवळते, थांबले की थांबते : पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका. विडी, सिगारेट आणि मधुमेह ही मुख्य कारणे. विडी ओढणाऱ्या तरुणांमध्येही धमन्या बंद पडण्याचा आजार दिसतो. इथे पहिला उपचार म्हणजे तंबाखू पूर्ण बंद करणे.
- फुगलेल्या, वेड्यावाकड्या निळ्या शिरा : व्हेरिकोज व्हेन्स. त्यावर जोर देऊन मालिश करू नये.
- दोन्ही पायांवर सूज, दाबले की खड्डा पडतो : हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तदाबाची एखादी गोळी कारण असू शकते.

पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचा स्नायू करतो. त्याला चालवणे हाच रक्ताभिसरणाचा सर्वांत चांगला उपाय. रोज चाला. दुकानात, वर्गात किंवा यंत्रापुढे तासन्‌तास उभे राहत असाल, तर दर तासाला टाचा १५ ते २० वेळा उचला. पुण्या-मुंबईच्या लांबच्या प्रवासात पाणी प्या, बसल्या जागी पावले वरखाली हलवा आणि गाडी थांबेल तेव्हा उतरून चार पावले टाका.

वापरण्याची योग्य पद्धत

१. आधी पाच मिनिटे चालून किंवा कोमट पाण्याने अंघोळ करून स्नायू मोकळा करा.
२. मसाज गन सर्वांत कमी वेगावर आणि गोल मऊ टोक लावून सुरू करा. पातळ कपड्यावरून फिरवा. यंत्राचे वजनच पुरेसे असते, वरून रेटू नका.
३. एका स्नायूवर १ ते २ मिनिटे. एकाच जागी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबू नका. एकूण वेळ १० ते १५ मिनिटांवर नेऊ नका.
४. दहापैकी चारपेक्षा जास्त दुखत असेल तर दाब कमी करा. "दुखलं तरच गुण येतो" हा समज चुकीचा आहे.
५. फक्त मांसल भागावर वापरा. मणका, गुडघ्याची वाटी, नडगी, घोटा, बरगड्या अशा हाडांवर नको.
६. मानेची पुढची व बाजूची बाजू, काख, जांघ, गुडघ्यामागचा खळगा आणि पोट ही ठिकाणे पूर्ण टाळा. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या, नसा किंवा नाजूक अवयव असतात.
७. नंतर तो स्नायू हळूहळू ताणा आणि थोडे चाला.

दुसऱ्या दिवशी निळे-काळे डाग पडले किंवा दुखणे वाढले, तर मालिश जास्त झाली असे समजा. मसाज गनच्या अतिवापराने स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आल्याची आणि मानेवर वापरल्याने धमनीला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. असे क्वचित घडते, पण मालिशनंतर लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

रात्री पोटरीत गोळा आला तर

लगेच यंत्र शोधत बसू नका. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे स्वतःकडे ओढा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. किंवा उठून भिंतीला हात टेकवून टाच जमिनीवर दाबा. गोळा सुटल्यावर हाताने हलके चोळा. आठवड्यातून अनेकदा असे होत असेल तर तपासणी करून घ्या.

फुटबॉल खेळणाऱ्या मुलांसाठी

गडहिंग्लजला फुटबॉलचे वेड आहे, म्हणून हे वेगळे सांगतो. सराव किंवा सामन्यानंतरच्या रगेसाठी रोलर चांगला. पण समोरच्याचा गुडघा मांडीवर बसला, किंवा पळताना मागे "टप्‌" झाल्यासारखे वाटून पाय धरला, तर ती रग नाही, दुखापत आहे. पहिले दोन-तीन दिवस मालिश, शेक आणि मसाज गन बंद. पाय विश्रांतीत व उंच ठेवा आणि कापडातून १५ मिनिटे बर्फ लावा. मार बसलेली मांडी जोराने चोळल्यास आत रक्तस्राव वाढतो आणि कधी कधी स्नायूत हाडासारखी कठीण गाठ तयार होते. मग पंधरा दिवसांत बरा होणारा खेळाडू काही महिने बाहेर बसतो. पायावर वजनच टाकता येत नसेल तर एक्स-रे काढा.

कोणी वापरू नये, किंवा आधी विचारावे?

- मधुमेहाने पाय बधिर झालेले रुग्ण : घासल्याने साल निघाली किंवा तेल जास्त गरम असले तरी कळत नाही. छोटी जखम चिघळून बोट कापण्याची वेळ येते. काटेरी रोलर आणि वाटीचे यंत्र टाळा.
- वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणारे.
- हाडे ठिसूळ झालेले वृद्ध, अलीकडे हाड मोडलेले किंवा शस्त्रक्रिया झालेले.
- गर्भवती स्त्रिया. पोट, कंबर व पोटरीवर मसाज गन नको. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर पायात गुठळी होण्याची शक्यता वाढलेली असते.
- पेसमेकर असलेले. यंत्र छातीजवळ आणू नये.
- कर्करोगाचे रुग्ण, ताप असलेले, त्या जागी जखम, गळू किंवा पुरळ असलेले.

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यानंतर दोन्ही मांड्या किंवा खांदे दुखू लागले असतील, तर मालिश करत बसण्याऐवजी डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

साधन बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा

- एकच पाय सुजला, गरम आहे, पोटरी दुखते. शिवणकामाच्या टेपने गुडघ्याच्या वाटीखाली साधारण एक वीत अंतरावर, दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गुठळीची शंका बळावते. फरक कमी असला तरी दुखणे व सूज असेल तर दाखवाच. लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, प्लास्टर, बाळंतपण किंवा दीर्घ आजारपणानंतर विशेष सावध राहा.
- त्यासोबत धाप लागली, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले.
- पाय अचानक थंड, पांढरा किंवा निळसर पडला.
- छाती, डावा खांदा, हात, जबडा किंवा पाठीत दुखून घाम येतो आहे. हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते.
- कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, किंवा लघवी-शौचाचा ताबा गेला.

यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रोज वापरले तर चालेल का?*
चालेल, वर सांगितलेल्या मर्यादेत. पण दोन-तीन आठवडे रोज वापरल्याशिवाय भागतच नसेल, तर दुखण्याचे मूळ शोधायला हवे.

*आधी शेक की आधी मालिश?*
जुन्या, आखडलेल्या दुखण्यात आधी कोमट शेक, मग हलकी मालिश. ताज्या दुखापतीत दोन्ही नकोत.

*उसण भरली तर मसाज गन चालेल का?*
मणक्यावर मुळीच नको. पहिले एक-दोन दिवस कोमट शेक घ्या, झेपेल तेवढी हालचाल सुरू ठेवा. पाठीच्या मांसल भागावर हाताने हलके चोळणे पुरे.

शेवटी एक सोपी सवय लावून घ्या. साधन हातात घेण्याआधी दोन्ही पाय उजेडात शेजारी शेजारी ठेवून पाहा. रंग सारखा आहे का, जाडी सारखी आहे का, कुठे जखम आहे का आणि स्पर्श नीट कळतो का? सगळे ठीक असेल आणि दुखणे कालच्या कामाचे असेल, तर खुशाल वाटी फिरवा. एका जरी उत्तराबाबत शंका आली तर आधी पाय डॉक्टरांना दाखवा.