ऑनलाइन पदवी आणि राज्याची हद्द (परभणी जिल्हा)

ऑनलाइन पदवी-अभ्यासक्रमांना परवानगी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आहे. विद्यार्थी ज्या राज्यात राहतो, त्या राज्याची वेगळी मंजुरी त्यासाठी लागत नाही. घटनेनुसार विद्यापीठ स्थापण्याचा अधिकार राज्याचा, तर उच्च शिक्षणाचा दर्जा राखण्याचा केंद्राचा. परभणीतील कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालये १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. दूरशिक्षणातही हद्द पाळली जाते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) परभणीत अभ्यासकेंद्र चालवू शकते, पण परराज्यातील राज्य विद्यापीठाला तशी मुभा नाही. छत्तीसगडच्या कायद्यावरील प्रा. यशपाल खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने नावापुरत्या विद्यापीठांना चाप लावला. पुढे २०१७ मध्ये चार अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर न्यायालयाने कारवाई केली. हद्दीच्या नियमामागे असा कटू अनुभव आहे.

ऑनलाइन पद्धतीला मात्र आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी हद्दीतून मोकळे केले, आणि ते योग्यच झाले. सेलू-जिंतूरच्या नोकरदार मुलीला शिकण्यासाठी गाव सोडण्याची सक्ती का असावी? मात्र हद्द गेली तरी परवानगीची अट कायम आहे. त्यामुळे संस्थेचे मोठे नाव पुरेसे नाही. निवडलेला अभ्यासक्रम त्या सत्रासाठी आयोगाच्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधीच पाहावे लागते. कृषी, विधी, परिचर्या यांसारख्या विषयांना तर ही पद्धतच वर्ज्य आहे. परभणीसारख्या कृषी विद्यापीठाच्या जिल्ह्यात हे ठळकपणे सांगायला हवे.

खरी उणीव तक्रारीच्या टप्प्यावर आहे. २०२३ च्या विनियमांनुसार नेमलेला लोकपाल त्या-त्या विद्यापीठाचाच, म्हणजे बहुधा दूरच्या राज्यातला. ग्राहक आयोगाचा मार्गही भरवशाचा नाही, कारण विद्यार्थी हा ग्राहक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात (२०१०) म्हटले आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी राज्याला भूमिका दिली तर परवाना-राज परत येईल, हा आक्षेप रास्त आहे. दोन दारांच्या मंजुरीत चांगल्या संस्थाही अडकतील. पण मंजुरी आणि नोंदणी या वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने उच्च शिक्षण विभागाकडे नाव, अभ्यासक्रम, सत्र आणि तक्रार स्वीकारणारा अधिकारी नोंदवावा. ही नोंद नाकारण्याचा अधिकार राज्याला नसावा. ती मराठीत, सर्वांना पाहता येईल अशी असावी, आणि फसलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज विभागानेच संबंधित लोकपालाकडे पाठवून त्याचा पाठपुरावा करावा.