'महल'चा आरंभ : दुरून येणारा आवाज

राहूबेटात रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देताना वडील बांधावर ट्रान्झिस्टर ठेवीत. 'आएगा आनेवाला' हे गाणे मी प्रथम ऐकले ते तेथेच, चित्राविना. आरंभीच्या ओळी इतक्या दुरून येत की आवाज बसला असे समजून मी बटण पिळीत असे. पुढे 'महल' (१९४९) पाहिला तेव्हा उमगले, की ते दूरपण हेतुपूर्वक योजलेले होते.

मालाडच्या बॉम्बे टॉकीजची ही निर्मिती. कमाल अमरोही यांचे पहिले दिग्दर्शन. वादळी रात्र, ओस पडलेली हवेली आणि तिचा नवा मालक शंकर (अशोककुमार). म्हातारा माळी त्याला वास्तूची कहाणी सांगतो : ती बांधणारा पुरुष मध्यरात्री नावेने येई, कामिनी त्याची वाट पाही, एका रात्री नाव बुडाली, पण परत येण्याचे वचन मागे उरले. मग शंकरला तसबीर दिसते आणि तीत त्याचाच चेहरा! जर्मन छायालेखक योसेफ विर्शिंग यांनी येथे उजेड फार काटकसरीने वापरला आहे. घड्याळाचे टोले पडतात आणि गाणे सुरू होते. बाई अजून दिसलेली नाही. तिच्याआधी तिचा आवाज येतो.

तो आवाज जवळ आणायचा कसा? आजच्यासारखी यंत्रे हाताशी नव्हती. लताबाईंनी पुढे सांगितले आहे, की त्यांना ध्वनिक्षेपकापासून लांब उभे करून गात गात जवळ यायला लावले होते. विशीच्या उंबरठ्यावरच्या गायिकेची ती चार पावले म्हणजेच या आरंभाचे तंत्र. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्या चालीइतकेच श्रेय मी त्या पावलांना देईन. गाण्यामुळे कथानक थांबते अशी तक्रार आपले विद्यार्थी नेहमी करतात. येथे मात्र गाणे काढून टाका, शंकरला जागचे हलण्याचे कारणच उरत नाही.

हिचकॉकच्या मते उत्कंठेसाठी प्रेक्षकाला पात्राहून अधिक ठाऊक असावे लागते. 'महल'मध्ये आपण शंकरच्या पुढे एक पाऊलही नसतो. त्याचा भ्रम तोच आपला भ्रम. गंमत अशी, की ध्वनिमुद्रिकेवरही गायिकेचे नाव 'कामिनी' असेच छापले होते! खरे नाव कळावे म्हणून श्रोत्यांना रेडिओकडे विचारणा करावी लागली.

परंतु खरा सापळा आवाजाच्याही आधी, माळ्याच्या कहाणीत लावलेला आहे. (शेवट ठाऊक नसलेल्यांनी येथेच थांबावे.) कामिनी भूत नाही, ती त्या माळ्याचीच मुलगी. बापाच्या तोंडून तीच कहाणी ऐकत ती वाढली आणि तिच्यातच जगू लागली. या माळ्याला 'अविश्वसनीय निवेदक' म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. तो खोटे बोलतच नाही. आपण कहाणी ऐकण्यात असे गुंततो, की ती याआधी त्याने कोणाला सांगितली असेल, हा प्रश्न आपल्याला सुचतच नाही.