तळटीप : कानातल्या सुया

* अफूचे व्यसन असलेल्या एका रुग्णाला शस्त्रक्रियेआधी वेदनाशमनासाठी विजेच्या सुया टोचल्या असता त्याची तलफ आणि अंगदुखी ओसरली, हे हाँगकाँगचे मेंदूशल्यचिकित्सक डॉ. एच. एल. वेन यांना १९७२ मध्ये योगायोगाने दिसले. पुढे न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधील लिंकन रुग्णालयाने वीज वगळून प्रत्येक कानात पाच सुया, एवढीच पद्धत ठेवली. गरीब वस्तीतल्या माणसांना तिने दिलासा दिला, हे मोलाचेच. परंतु खोट्या सुयांशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत तिचा ठोस प्रभाव सिद्ध झालेला नाही. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या औषधांचा मात्र झाला आहे. व्यसनात खंड पडला की शरीराची अफूबाबतची सहनशक्ती घटते, आणि पुन्हा घेतलेली पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते. म्हणून वाचकांनी निव्वळ सुयांवर विसंबून औषधोपचार टाळू नयेत. — संपा.